विश्लेषण : ११ किलोंचा ‘पोर्टेबल’ संगणक, दोन वर्षांत दिवाळखोरी आणि कोडाईकॅनॉल, कोण होते ॲडम ऑस्बोर्न?

नवा फोन येणार अशी कुणकुण लागली की जुन्या मॉडेलची खरेदी लांबणीवर पडते. दोन महिने थांबू, नवाच घेऊ, असा विचार प्रत्येक घरात होतो. म्हणूनच मोबाइल कंपन्या नव्या मॉडेलबद्दल शेवटच्या दिवसापर्यंत मौन पाळतात. व्यवस्थापनाच्या वर्गात या परिणामाला एक नाव आहे, ‘ऑस्बोर्न इफेक्ट’. हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि १८ मार्च २००३ रोजी त्यांनी अखेरचा श्वासही तमिळनाडूतील कोडाईकॅनॉल येथेच घेतला.

मधल्या काळात त्यांनी रसायन अभियांत्रिकी सोडली, संगणकावर पुस्तके लिहिली, उचलून नेता येईल असा संगणक सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत विकला आणि दोन वर्षांत ती कंपनी दिवाळखोरीत जाताना पाहिली. त्यांचा तो संगणक, ‘ऑस्बोर्न १’, आजही संग्राहकांच्या टेबलावर पुन्हा सुरू केला जातो. हे कसे शक्य होते आणि या माणसाची आठवण केवळ अपयशाच्या नावाने ठेवणे कितपत योग्य आहे, ते समजून घेऊ.

तिरुवण्णामलै ते कॅलिफोर्निया

ॲडम ऑस्बोर्न यांचा जन्म ६ मार्च १९३९ रोजी बँकॉकमध्ये झाला. वडील आर्थर ऑस्बोर्न ब्रिटिश, तेथील चुलालाँगकॉर्न विद्यापीठात शिकवत. आई लुसिया पोलिश. दोघांनाही भारतीय अध्यात्माची ओढ होती. १९४१ मध्ये कुटुंब भारतात आले. आर्थर नोकरीसाठी एकटेच बँकॉकला परतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जपानी सैन्य थायलंडमध्ये शिरले. ब्रिटिश नागरिक म्हणून त्यांना युद्ध संपेपर्यंत नजरकैदेत राहावे लागले.

या काळात आई मुलांना घेऊन तिरुवण्णामलै येथे राहिली. अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी रमण महर्षींचा आश्रम आहे. ॲडम यांचे लहानपण या आश्रमाच्या परिसरात गेले. युद्धानंतर वडील परतले. पुढे त्यांनी रमण महर्षींचे चरित्र लिहिले आणि १९६४ मध्ये आश्रमाचे ‘द माउंटन पाथ’ हे नियतकालिक सुरू केले. ॲडम यांचे सुरुवातीचे शिक्षण कोडाईकॅनॉलच्या प्रेझेंटेशन कॉन्व्हेंटमध्ये झाले. वयाच्या अकराव्या वर्षी ते इंग्लंडला गेले.

बर्मिंगहॅम विद्यापीठातून १९६१ मध्ये त्यांनी रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली. नंतर अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातून त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली. ‘शेल’ या तेल कंपनीत नोकरी लागली. पण कामाच्या निमित्ताने संगणकाशी गाठ पडली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नोकरी सोडून तांत्रिक लेखनाचा व्यवसाय सुरू केला.

पुस्तकाने नशीब कसे उघडले?

त्या वेळी मायक्रोप्रोसेसर नुकताच बाजारात आला होता. चिप मिळत होती, पण ती समजावून सांगणारे सोपे पुस्तक नव्हते. ऑस्बोर्न यांनी ते लिहिले. प्रकाशक तयार होईना, तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापले. ‘ॲन इंट्रोडक्शन टू मायक्रोकॉम्प्युटर्स’ हे पुस्तक ‘इमसाय’ या कंपनीने आपल्या संगणकासोबत द्यायला सुरुवात केली आणि त्याचा खप एकदम वाढला. कॅलिफोर्नियातील ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’च्या बैठकांना ते पुस्तकांचे खोके घेऊन जात आणि तिथेच विक्री करत. स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझनियाक हेही याच क्लबमध्ये येत.

१९७९ मध्ये ‘मॅकग्रॉ-हिल’ने त्यांची प्रकाशन संस्था विकत घेतली. हाती भांडवल आले. संगणक नियतकालिकांतील स्तंभात ते संगणक कंपन्यांवर सडकून टीका करत. यंत्र महाग, सॉफ्टवेअर वेगळे घ्यावे लागते, वचने मोठी आणि माल वेळेवर नाही, असा त्यांचा रोख असे. आता स्वतः करून दाखवण्याची वेळ होती.

‘ऑस्बोर्न १’मध्ये विशेष काय होते?

संगणकाची रचना केली ली फेल्सेनस्टीन यांनी. होमब्रू क्लबच्या बैठका चालवणारे हे अभियंते. विमानातील आसनाखाली मावेल असा आकार, पडझड सोसेल अशी पेटी आणि सहज मिळणारे सुटे भाग ही त्यामागची कल्पना होती. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ‘वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर’मध्ये तो सादर झाला.

• वजन : सुमारे ११ किलो

• किंमत : १,७९५ डॉलर

• प्रोसेसर : झेड-८०ए, वेग ४ मेगाहर्ट्झ

• मेमरी : ६४ केबी

• पडदा : ५ इंच, एका ओळीत ५२ अक्षरे

• साठवण : सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, प्रत्येकी सुमारे ९२ केबी

तुलनाच करायची तर आजच्या फोनमधील ३ एमबीचा एकच फोटो साठवायला अशा ३० हून अधिक फ्लॉपी लागल्या असत्या. हार्ड डिस्क नव्हती. पडदा इतका लहान की लांब ओळ मावत नसे. त्यावर फेल्सेनस्टीन यांनी युक्ती काढली. मेमरीत ओळ १२८ अक्षरांची ठेवायची आणि पडद्याची खिडकी डावी-उजवीकडे सरकवायची. आज आपण फोनवर रुंद तक्ता बोटाने सरकवून पाहतो, त्याचाच हा जुना अवतार.

हा जगातील पहिलाच पोर्टेबल संगणक होता का? तसे म्हणता येणार नाही. ‘आयबीएम ५१००’ हा १९७५ मध्येच आला होता. मात्र तो दुपटीहून जड होता आणि त्याची किंमत जवळपास ९ हजार डॉलरपासून सुरू होत होती. बाजारात मोठ्या संख्येने खपलेला पहिला पोर्टेबल संगणक म्हणून मान ‘ऑस्बोर्न १’कडे जातो.

खरी चलाखी खोक्यात होती

यंत्रापेक्षाही त्यासोबत मिळणारे सॉफ्टवेअर ही मोठी गोष्ट ठरली. लेखनासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क, प्रोग्रॅम लिहिण्यासाठी बेसिकच्या दोन आवृत्त्या आणि हे सर्व ज्यावर चालते ती ऑपरेटिंग सिस्टीम, सीपी/एम. हे सगळे वेगवेगळे विकत घेतले असते तर सुमारे १,५०० डॉलर लागले असते. म्हणजे ग्राहकाला यंत्र जवळपास फुकटच पडत होते. ऑस्बोर्न यांनी सॉफ्टवेअर कंपन्यांशी घाऊक सौदे केले. काहींना रोख रकमेसोबत आपल्या कंपनीचे समभागही दिले.

आज लॅपटॉप घेताना ऑपरेटिंग सिस्टीम आत असणारच, असे आपण गृहीत धरतो. १९८१ मध्ये ते गृहीत नव्हते. खोके उघडा, फ्लॉपी घाला आणि काम सुरू करा, ही सवय लावण्यात ऑस्बोर्न यांचा मोठा वाटा आहे. मागणी इतकी वाढली की एका टप्प्यावर महिन्याला १० हजार संगणक कारखान्यातून बाहेर पडत होते.

सीपी/एम म्हणजे काय?

विंडोज आणि त्याआधीच्या डॉसपूर्वी छोट्या संगणकांवर सीपी/एमचे राज्य होते. ही प्रणाली गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये लिहिली. तिचे तीन भाग होते. पहिला आज्ञा वाचणारा. दुसरा फाइल सांभाळणारा. तिसरा ‘बायॉस’, म्हणजे यंत्राच्या प्रत्यक्ष भागांशी बोलणारा. नव्या कंपनीचा संगणक आला की पहिले दोन भाग जसेच्या तसे राहत, फक्त बायॉस नव्याने लिहावे लागे. त्यामुळे एकच वर्डस्टार अनेक कंपन्यांच्या संगणकांवर चालू शके.

एक अडचण मात्र राहिली. फ्लॉपीवर माहिती मांडण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी होती. ऑस्बोर्नची फ्लॉपी केप्रोच्या संगणकात घातली तर थेट वाचता येईलच असे नसे. जुना संगणक पुन्हा सुरू करताना आज सर्वाधिक डोकेदुखी होते ती यामुळेच.

‘ऑस्बोर्न इफेक्ट’ : दंतकथा किती, सत्य किती?

रूढ गोष्ट अशी. १९८३च्या सुरुवातीला ऑस्बोर्न यांनी पुढच्या, अधिक चांगल्या ‘एक्झिक्युटिव्ह’ मॉडेलची माहिती उघड केली. विक्रेत्यांनी जुन्या मॉडेलच्या मागण्या थांबवल्या. नवे मॉडेल हाती यायला वेळ होता. जुना माल गोदामात पडून, रोख येणे बंद, देणी मात्र चालू. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

गोष्ट सोपी आहे, म्हणूनच ती टिकली. पण त्या वर्षीचा बाजार पाहिला तर चित्र एवढे सरळ दिसत नाही.

• केप्रो : १९८२ मध्ये ‘केप्रो टू’ आला. किंमत तीच, १,७९५ डॉलर. पडदा मात्र ९ इंची आणि ओळीत ८० अक्षरे.

• कॉम्पॅक : नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आयबीएम पीसीशी जुळणारा पोर्टेबल संगणक जाहीर केला. ग्राहक सीपी/एमकडून आयबीएमच्या दिशेने वळू लागले होते.

• किंमत : ‘एक्झिक्युटिव्ह’ चांगला होता, तरी २,४९५ डॉलरला मिळणार होता. पडदाही ७ इंचीच होता.

• व्यवस्थापन : कंपनी इतक्या वेगाने वाढली की हिशेब आणि साठा यांवर पकड राहिली नाही. भांडवल बाजारातून पैसे उभारण्याची तयारी सुरू असतानाच तोटा समोर आला आणि ती योजना बारगळली.

१९८३च्या सुरुवातीला कंपनीचा कारभार बाहेरून आणलेल्या व्यावसायिक प्रमुखाकडे गेला होता, हेही विसरता येत नाही. वेळेआधी केलेल्या घोषणेने नुकसान झाले असेल, पण एका घोषणेने कंपनी बुडाली हे म्हणणे अर्धेच खरे आहे. या पडझडीवर ऑस्बोर्न यांनी पत्रकार जॉन ड्वोरॅक यांच्यासह १९८४ मध्ये ‘हायपरग्रोथ’ हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली.

दुसरा डाव आणि कोर्टाची पायरी

ऑस्बोर्न थांबले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी ‘पेपरबॅक सॉफ्टवेअर’ सुरू केली. नावातच कल्पना होती. पुस्तकाची स्वस्त आवृत्ती निघते तशी सॉफ्टवेअरचीही निघावी. त्या काळी ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची छापील किंमत ४९५ डॉलर होती. पेपरबॅकच्या ‘व्हीपी-प्लॅनर’ची सुमारे १०० डॉलर.

व्हीपी-प्लॅनरमधील मेनू आणि आज्ञांचा क्रम लोटससारखाच ठेवला होता. लोटस शिकलेल्या माणसाला पुन्हा शिकावे लागू नये, हा त्यामागचा विचार. लोटसने जानेवारी १९८७ मध्ये दावा ठोकला. प्रश्न असा होता की प्रोग्रॅमचा कोड कॉपी केला नाही, पण मेनूची रचना तशीच ठेवली, तर तो कॉपीराइटचा भंग ठरतो का? २८ जून १९९० रोजी मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयाने लोटसच्या बाजूने निकाल दिला. पेपरबॅक सावरू शकली नाही. त्याच वर्षी ऑस्बोर्न कंपनीतून बाहेर पडले.

पुढे काय झाले ते अधिक बोलके आहे. लोटसने अशाच कारणावरून बोरलँड या कंपनीवरही दावा केला होता. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने लोटसच्या आज्ञांची रचना ही काम करण्याची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट लागू होत नाही, असे ठरवले. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी झाली आणि अपील न्यायालयाचा निकाल कायम राहिला. ज्या मुद्द्यावर ऑस्बोर्न हरले, त्याच मुद्द्यावर पाच वर्षांनी दुसरी कंपनी जिंकली. तोवर पेपरबॅकसाठी उशीर झाला होता.

दरम्यान त्यांची प्रकृती ढासळत गेली. मेंदूशी संबंधित आजाराने त्यांना ग्रासले होते. १९९२ मध्ये ते भारतात परतले आणि बहिणीजवळ राहू लागले. वयाच्या ६४व्या वर्षी कोडाईकॅनॉलमध्ये त्यांचे निधन झाले. लहानपणीची शाळाही याच गावात होती.

आज ‘ऑस्बोर्न १’ पुन्हा कसा सुरू करतात?

या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम कायमची बसवलेली नसते. आत फक्त ४ केबीची एक रॉम असते. वीज दिली की ती पडद्यावर फ्लॉपी घालण्याची सूचना दाखवते आणि थांबते. सीपी/एम असते फ्लॉपीच्या पहिल्या तीन ट्रॅकवर. म्हणजे यंत्र ठणठणीत असले आणि फ्लॉपी गेली, तर संगणक त्या एका सूचनेपुढे सरकत नाही. चार दशकांत फ्लॉपीवरचा चुंबकीय थर खराब होतो, बुरशी धरतो, कधी कधी निघूनच येतो. म्हणून बहुतेक ठिकाणी सुरुवात कोऱ्या फ्लॉपीपासून करावी लागते.

१. आधी वीज : जुन्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर फुगलेले किंवा तडकलेले असू शकतात. ते तपासल्याशिवाय प्लग लावू नये. मागच्या पाटीवर छापलेला व्होल्टेजही वाचून घ्यावा. अमेरिकी यंत्र थेट २३० व्होल्टवर लावले तर ते जळू शकते.

२. मग ड्राइव्ह : वाचणारे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. घट्ट झालेले वंगण काढून सरकत्या दांड्या मोकळ्या करायच्या. हेड मळलेले असेल तर चांगली फ्लॉपीही ओरखडून वाया जाते.

३. योग्य फ्लॉपी : ३६० केबीची जुनी डबल डेन्सिटी फ्लॉपी हवी. १.२ एमबीची दिसायला तशीच असते, पण तिच्या थराला जास्त ताकदीचे चुंबकीय क्षेत्र लागते. जुना ड्राइव्ह तिच्यावर भरवशाने लिहू शकत नाही.

४. योग्य प्रत : सीपी/एमची ऑस्बोर्नसाठी बनवलेली प्रत लागते, केप्रोची चालणार नाही. पहिल्या ऑस्बोर्नची फ्लॉपी सिंगल डेन्सिटी होती. एका बाजूला ४० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर २५६ बाइटचे १० सेक्टर. एकूण १०० केबी. त्यातले तीन ट्रॅक, म्हणजे साडेसात केबी, सिस्टीमसाठी राखीव. उरतात साडेब्याण्णव. वरच्या यादीतला ९२ केबीचा आकडा येतो तो इथून. नंतरच्या काही यंत्रांत डबल डेन्सिटीची सोय होती. आपले यंत्र कोणते, हे आधी ओळखावे लागते.

५. लिहिणार कशाने? : साध्या पीसीचे फ्लॉपी कंट्रोलर बहुधा सिंगल डेन्सिटी लिहू शकत नाहीत. त्यासाठी ‘ग्रीझविझल’सारखे छोटे यूएसबी बोर्ड वापरतात. ते फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे वाचतात आणि लिहितात. सोबतचा ड्राइव्ह ४० ट्रॅकचाच असावा. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हचे हेड अरुंद असते. त्याने वापरलेल्या फ्लॉपीवर लिहिले तर बाजूला जुन्या माहितीची किनार राहते आणि ऑस्बोर्नचे रुंद हेड दोन्ही एकत्र वाचून गोंधळते.

६. पहिली सुरुवात : लिहिलेली फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घालून रिटर्न दाबले की रॉम ते तीन ट्रॅक मेमरीत आणते आणि पडद्यावर ‘ए’ अक्षर व त्यापुढे बाणाची खूण येते. सीपी/एम जागी झाली. ‘डीआयआर’ लिहिले की फाइलींची यादी दिसते. ‘सिसजेन’ने सिस्टीमचे ट्रॅक दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवता येतात, ‘पिप’ने फाइली. दोन प्रती कराव्यात आणि मूळ फ्लॉपीची कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जात नाही.

हे कायदेशीर आहे का?

सीपी/एमपुरता हा प्रश्न सुटला आहे. किल्डॉल यांच्या कंपनीचे हक्क पुढे ज्यांच्याकडे गेले, त्यांनी २००१ मध्ये तिच्या वितरणाला परवानगी दिली आणि २०२२ मध्ये त्या परवानगीची व्याप्ती स्पष्ट केली. सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ कोड कॅलिफोर्नियातील ‘कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम’ने २०१४ मध्ये अभ्यासासाठी खुला केला. वर्डस्टार किंवा सुपरकॅल्क यांना ही परवानगी आपोआप लागू होत नाही.

घरात किंवा कार्यालयात जुन्या फ्लॉपी असतील तर?

१९८०च्या दशकातील सव्वापाच इंची फ्लॉपी अजूनही काही प्रयोगशाळांच्या आणि कार्यालयांच्या कपाटात निघतात. त्यांवर काय आहे हे पाहायची घाई करून त्या लगेच जुन्या ड्राइव्हमध्ये घालू नयेत. ड्राइव्ह आधी स्वच्छ करावा, एखाद्या निरुपयोगी फ्लॉपीवर तपासावा आणि मगच मूळ फ्लॉपीची संपूर्ण प्रत काढावी. खराब झालेली फ्लॉपी अनेकदा एकदाच नीट वाचता येते. ती पहिली वेळ प्रत काढण्यासाठीच वापरावी.